पायाखालच्या मातीचा अभ्यास कोण करणार?

(नागपूरच्या धरमपेठेत झालेल्या युवा अभ्यासवर्गातील भाषणाचं संपादित शब्दांकन)



माझ्यासमोर टेबलावर काचेच्या दोन नळ्या आहेत. मागच्यांना दिसत नसतील, तर चहाच्या वेळी जवळ येऊन बघा. काल दुपारी चार वाजता मी या दोन्ही नळ्यांत दहा-दहा ग्रॅम माती टाकली. माती एकच. वाडीला माझ्या मावसभावाचा प्लॉट आहे, तिथून आणली, वाळवली, कुटली आणि बारीक चाळणीतून गाळली. एका नळीत डिस्टिल्ड पाणी आहे, दुसरीत रॉकेल. हल्ली रॉकेल मिळवणं हेच या प्रयोगातलं सगळ्यात अवघड काम आहे. मला दोन दिवस लागले.

आता चोवीस तास होत आले. रॉकेलच्या नळीत माती ११च्या खुणेवर थांबली आहे. पाण्याच्या नळीत ती १९च्या खुणेपर्यंत वर आली आहे. फरक आठाचा. आठाला अकराने भागा, शंभराने गुणा. साधारण ७३ टक्के. याला फ्री स्वेल इंडेक्स म्हणतात, म्हणजे ही माती मोकळी सोडली तर पाण्यात किती फुगेल त्याचं माप. भारतीय मानक २७२०च्या चाळिसाव्या भागात ही पद्धत दिली आहे. हा आकडा पन्नाशीच्या पुढे गेला, की हलक्या बांधकामाने सावध व्हायचं. माझ्या भावाने तिथे पाया खोदायला घेतला होता. काल रात्री मी त्याला फोन करून म्हटलं, आठ दिवस थांब.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. पदवी सिव्हिलची, पोट कोडिंगवर. मला इथे बोलवलं ते "करिअर मार्गदर्शन" करायला. तुमच्यापैकी निम्म्यांना वाटलं असेल, हा आता कुठली लँग्वेज शिका, कुठला कोर्स करा ते सांगेल. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज ज्या वाटेने गेलो नाही, त्या वाटेबद्दल बोलणार आहे. मातीवरचं संशोधन, आणि ते आयुष्यभर करणारे प्राध्यापक.

दर पावसाळ्यात रंधा

माझे अब्बा मिस्त्री होते. आमचं घर हिंगण्याच्या बाजूला, एका अनधिकृत लेआउटमध्ये. दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर. अब्बांनी स्वतः बांधलेलं. दुसऱ्यांची घरं सरळ उभी करणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर मात्र दरवर्षी वाकडं व्हायचं. मे महिन्यात अंगणात एवढ्या भेगा पडायच्या, की आमचे कंचे त्यात गेले तर परत मिळायचे नाहीत. जुलैत दरवाजा चौकटीत अडकायचा. मग अब्बा रंधा काढायचे आणि दरवाजाची कड तासायचे. डिसेंबरात माती आकसली, की त्याच तासलेल्या फटीतून थंड वारा आत यायचा आणि अम्मी तिथे जुनी ओढणी कोंबायची. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघालेली होती. दरवर्षी ती सिमेंटने भरायची, दरवर्षी ती तिथेच उघडायची.

अब्बा म्हणायचे, "काली मिट्टी का भरोसा नहीं बेटा." त्यांना हे ठाऊक होतं. पण मुरूम लागेपर्यंत खोदायला लागणारे पैसे त्यांच्याकडे नव्हते.

भेगेचं कारण मला कॉलेजात तिसऱ्या वर्षाला कळलं. नागपूरच्या पश्चिमेकडचा भाग दख्खनच्या बेसॉल्टवर आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक. तो झिजून जी काळी माती झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. हे खनिज म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चळत. एक पापुद्रा सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटचा एक ग्रॅम घेतला, तर त्याच्या सगळ्या पापुद्र्यांचं मिळून क्षेत्रफळ ८०० चौरस मीटरपर्यंत जातं. जवळजवळ दहा बॅडमिंटन कोर्ट, एका ग्रॅममध्ये. या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो, मधल्या फटीत सोडियम-कॅल्शियमचे धनभारित कण असतात, आणि हे कण पाण्याला ओढून घेतात. पाणी आत शिरलं की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात. रॉकेलच्या रेणूला ती ओढ नसते, म्हणून रॉकेलच्या नळीतली माती गप्प बसली.

आता यावर घर उभं करा. घराच्या कडेची माती पावसाने आधी ओली होते, मधली उशिरा. कडा उचलली जाते, मधला भाग तसाच राहतो, आणि भिंतीला तिरकी भेग पडते. यातली वाईट गोष्ट ही, की हलकं घर जास्त उचललं जातं. पाच मजली इमारत आपल्या वजनाने मातीला बरंच दाबून धरते. आमच्या दोन खोल्यांच्या घरात ते वजन नव्हतं. ज्याच्याकडे कमी पैसे, त्याचं घर हलकं, त्याचा पाया उथळ आणि त्याच्याच भिंतीला भेग. म्हणून मातीचा प्रश्न मला कधीच नुसता इंजिनिअरिंगचा वाटला नाही.

एका मीटरखाली माती शांत का?

याच काळ्या मातीवर आपल्या महाराष्ट्रात एका माणसाने आपली कारकीर्द घालवली. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी. अमेरिकेत आयोवा स्टेटमध्ये माती स्थिर करण्याच्या पद्धतींवर त्यांनी काम केलं होतं. मुंबईत आल्यावर त्यांनी फुगणारी माती हाच विषय धरला.

त्यांच्या कामातला कळीचा प्रश्न साधा आहे. काळी माती वरच्या थरात फुगते, आकसते, भेगाळते. पण साधारण एक-सव्वा मीटर खाली गेलं, की तीच माती, तेच खनिज, आणि तिथे ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही, हालचालही जवळपास थांबते. का? वरच्या मीटरभर मातीचं वजन म्हणावं, तर ते फुगण्याच्या दाबापुढे अगदीच किरकोळ आहे. म्हणजे नुसत्या वजनाने हे होत नाही.

कट्टी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत मोठ्या आकाराचे प्रयोग केले. त्यांनी असं मांडलं, की वरच्या थरात कणांना धरून ठेवणारी जी चिकट ओढ तयार होते, तीच खालच्या मातीला जागेवर ठेवते. मग त्यांनी उपाय सुचवला. फुगणाऱ्या मातीवर साधारण मीटरभर जाडीचा असा थर दाबून बसवा, जो चिकट आहे पण फुगत नाही. त्याला कोहेसिव्ह नॉन-स्वेलिंग, म्हणजे सीएनएस थर म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर नीट निवडलेला, थोडी चिकणमाती असलेला मुरूम. कर्नाटकातल्या मलप्रभा प्रकल्पाच्या उजव्या कालव्यावर हे तंत्र वापरलं गेलं. काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी भारतीय मानक ९४५१ आहे, त्यात हा थर आला. भारतीय भूतंत्र संस्थेचं पहिलं वार्षिक व्याख्यान कट्टींनी दिलं आणि १९७९ साली ते छापून आलं. विषय होता, काळ्या मातीच्या प्रश्नांवरील उत्तरांचा शोध.

'शोध' हा शब्द लक्षात ठेवा, कारण गोष्ट तिथे संपली नाही. पुढे दुसऱ्या संशोधकांनी विचारलं, माती एकदाच ओली होत नाही, ती दरवर्षी ओली होते आणि सुकते. अशी पाच-सहा चक्रं झाल्यावर या थराचा परिणाम तेवढाच राहतो का? प्रयोगांत दिसलं, की तो कमी होऊ शकतो. मग कोणी चुना मिसळलेली फ्लाय अ‍ॅश वापरून पाहिली, कोणी वेगळ्या प्रकारचे खांब. आणि घरांसाठी त्याआधीच रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेत दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडर-रीम्ड पाइल विकसित केला होता. खाली कांद्यासारखा फुगीर गोळा असलेला खांब. तो साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल, माती हलत नाही तिथवर नेऊन अडकवायचा आणि घर त्यावर तोलायचं. वरची माती काय नाचायचं ते नाचू दे.

ज्येष्ठ प्राध्यापकाचं म्हणणं नंतरचा संशोधक तपासतो, त्याची मर्यादा दाखवतो, आणि त्याने ज्येष्ठाचा अपमान होत नाही. मला या क्षेत्रातली ही गोष्ट फार आवडते. आपल्या समाजातल्या चर्चांनाही ही सवय लागली तर बरं होईल, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

इस्तंबूलमधले सिगारचे डबे

आधुनिक मृदायांत्रिकी, म्हणजे सॉइल मेकॅनिक्स, कुठे आकाराला आली माहीत आहे? कार्ल टर्झाघी हा ऑस्ट्रियन इंजिनिअर १९१६ साली इस्तंबूलला, ऑटोमन सरकारच्या इंजिनिअरिंग शाळेत शिकवायला आला. महायुद्ध संपल्यावर त्याची नोकरी गेली, तेव्हा तिथल्याच रॉबर्ट कॉलेजने त्याला घेतलं. पैसे नाहीत, उपकरणं नाहीत. त्याने सिगारचे डबे आणि भंगारात पडलेल्या वस्तू जमवून मातीवर दाब देण्याची यंत्रं बनवली. ओल्या चिकणमातीवर भार टाकला की पाणी हळूहळू कसं निघून जातं आणि माती कशी दबते, याचं गणित त्याने तिथे बसवलं. १९२५ साली त्याचं पुस्तक व्हिएन्नात छापलं गेलं आणि त्याच वर्षी तो अमेरिकेत एमआयटीला गेला. आज जगातला प्रत्येक सिव्हिलचा विद्यार्थी तेच गणित शिकतो.

मी हे "आपला सुवर्णकाळ" वगैरे सांगायला बोलत नाही. टर्झाघी मुसलमान नव्हता, आणि विज्ञानाला धर्म लावण्यात मला रस नाही. मला डब्यांबद्दल सांगायचं आहे. आमच्याकडे सुविधा नाहीत म्हणून आम्ही संशोधन करत नाही, हे मी इतक्या वेळा ऐकलं आणि स्वतःही बोललो आहे, की तो डबा मला आठवत राहतो. या दोन नळ्या आणि पाव लिटर रॉकेल, एवढ्यात आजचा प्रयोग झाला.

कबर खोदणाऱ्या चाचांचं ज्ञान

आता एक घरातली गोष्ट. माझे दादा ऐन पावसाळ्यात गेले. मी तेव्हा बारावीत होतो. कब्रस्तानात आमच्या एका नातेवाइकांनी आग्रह धरला, की लहद काढा, म्हणजे कबरीच्या आत किब्ल्याच्या बाजूच्या भिंतीत कोनाडा कोरून त्यात मय्यत ठेवा. ती पद्धत उत्तम मानली जाते. कबर खोदणारे चाचा शांतपणे म्हणाले, इथे लहद टिकत नाही, माती खाली येते, संदूकी करावी लागेल. म्हणजे मधोमध चर काढून वर फळ्या टाकायच्या. नातेवाईक नाराज झाले. तेव्हा इमामसाहेबांनी सांगितलं, की फिक्हमध्येच आहे, माती कठीण असेल तर लहद, भुसभुशीत असेल तर शक. हेच आपल्याकडचं संदूकी. वाद मिटला.

पुढे कॉलेजात मातीची शिअर स्ट्रेंग्थ शिकताना मला तो दिवस आठवला. शेकडो वर्षांपूर्वीच्या फकीहांनी मातीकडे बघून नियमाला पर्याय दिला होता. आणि एका निरक्षर माणसाला, कुदळीचा आवाज ऐकून, कुठली भिंत उभी राहील आणि कुठली ढासळेल ते कळत होतं.

आपल्या मोहल्ल्यांत असं ज्ञान भरपूर आहे. मिस्त्री, सेंटरिंगवाले, बोअरवेलवाले, टाइल्सवाले, कबर खोदणारे. अब्बा मातीचा गोळा हातात घेऊन, अंगठ्याने दाबून, जिभेला लावून सांगायचे, मुरूम चांगला आहे की नाही. पण हे ज्ञान हातातून कागदावर कधी गेलं नाही. ज्यांच्या हाताला माती लागते त्यांची मुलं प्रयोगशाळेत जात नाहीत, आणि प्रयोगशाळेत जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या घराला भेग पडलेली असते. हे अंतर कोणी तरी चालून जायला हवं.

वाट कशी आहे, खरं सांगतो

बी.ई. किंवा बी.टेक. सिव्हिल, चार वर्षं. मग गेट परीक्षा. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे एक वर्ष चुकलं म्हणून सगळं संपत नाही. त्या स्कोअरवर एनआयटी-आयआयटीत जिओटेक्निकलला एम.टेक., दोन वर्षं, महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. मग पीएच.डी., चार-पाच वर्षं. केंद्रीय संस्थांत २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. म्हणजे बावीसाव्या वर्षी पदवी झाली, तर पीएच.डी. होईपर्यंत तुम्ही अठ्ठावीस-तीसचे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. भत्ते वेगळे.

हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात कायम पदं कमी निघतात. बरेच जण तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टीत शून्य. माझा एक वर्गमित्र पीएच.डी. करून एका खासगी कॉलेजात लागला, तिथे पगार सात-सात महिने थकायचा. नाव वाचल्यावर मुलाखतीत बदललेले चेहरे, भाड्याच्या खोलीसाठी दहा घरं फिरणं, हेही होतं. ते होत नाही असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण आयटीतही ले-ऑफ होतात, आणि घरमालक तिथेही नाव विचारतात. अडचणी दोन्हीकडे आहेत, त्यामुळे निवड नुसत्या भीतीवर करू नका.

आकडे बघायचे तर सच्चर समितीचा २००६ चा अहवाल काढा. देशातल्या नामांकित कॉलेजांत पदवीला पंचवीसांत एक मुसलमान विद्यार्थी, आणि पदव्युत्तरला पन्नासांत एक, असं त्यात आहे. म्हणजे जिना चढताना आपण अर्धे आणखी गळतो. ही गळती थांबावी म्हणून २००९ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी, जैन अशा सहा अल्पसंख्याक समाजांतल्या पीएच.डी. करणाऱ्यांसाठी ती होती. २०२२-२३ पासून केंद्र सरकारने ती बंद केली. त्यावर आपण बोललं पाहिजे, निवेदनं दिली पाहिजेत, आणि ते चालू राहीलच. पण फेलोशिप पुन्हा सुरू होईपर्यंत एखाद्या मुलीचं गेटचं वय थांबून राहत नाही.

काम कमी आहे का?

कोणी म्हणेल, मातीत आता शोधायचं काय उरलं? याच भागात या सभागृहातून बाहेर पडून चालत जा. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालय आहे. काळी माती कशी तयार झाली, तिच्यात कुठली खनिजं कुठे आहेत, यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. दुसऱ्या बाजूला व्हीएनआयटी. देशभरातून मुलं इथे शिकायला येतात, आणि आपल्यातले कितीतरी जण तिच्या भिंतीजवळून रोज जातात, पण आत कधी गेलेले नाहीत.

मधे अंबाझरी. १८७० च्या सुमारास बांधलेला मातीचा बांध. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी घुसलं. तुमच्यापैकी काहींनी त्या रात्री लोकांना बाहेर काढलं आहे. त्यानंतर बांध किती मजबूत आहे, त्यावरच्या झाडांच्या मुळांनी तो कमजोर होतो का, सांडव्यापुढचा अडथळा, हे सगळे प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. यातले पहिले दोन प्रश्न सरळ मातीचे आहेत. २०२२ च्या पावसाळ्यात कोराडी वीज केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला आणि शेतांत राख गेली, तो तिसरा. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिथे तर अख्ख्या वस्त्या दरडीखाली गेल्या.

आणि ज्यांना माझ्यासारखं कोडिंग आवडतं त्यांच्यासाठी. कट्टी सरांचे चिरंजीव दिनेश कट्टी अमेरिकेत नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक. चिकणमातीचा एकेक पापुद्रा, त्यात शिरणारा पाण्याचा एकेक रेणू, याचं संगणकावर प्रतिरूप करून फुगण्याची क्रिया समजून घेण्याचं काम त्यांच्या गटाने केलं आहे. वडिलांनी मोठाल्या टाक्यांत जो प्रश्न बघितला, तोच मुलगा रेणूंच्या पातळीवर बघतो. म्हणजे पायथन शिकायचं की माती, असा झगडा मुळात नाहीच. मला हे वयाच्या बाविसाव्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं.

माझी चूक

आता जे सांगायला मी खरं तर आलो आहे, ते सांगतो.

मला गेटमध्ये बरा स्कोअर होता. जिओटेक्निकलला एम.टेक.ची सीट मिळत होती. त्याच महिन्यात पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं. अब्बांची कंबर गेली होती, धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. मी पुण्याला गेलो. याचा मला पस्तावा नाही. त्या पगारातून घराचा पाया आम्ही पुन्हा केला, मुरूम लागेपर्यंत खोदून. दरवाजा आता अडकत नाही.

पस्तावा दुसऱ्या गोष्टीचा आहे. २०१९ मध्ये माझ्या मामेबहिणीने सिव्हिल पूर्ण केलं. वर्गात दुसरी आली होती. तिला सॉइलमध्ये पुढे शिकायचं होतं. मामूंनी मला फोन केला, "तू शिकलेला आहेस, तूच सांग हिला." मी तिच्याशी वीस मिनिटं बोललो. म्हटलं, माती चाळून काय मिळणार, टेस्टिंगचा कोर्स कर, सहा महिन्यांत नोकरी. तिने ऐकलं. ती आज रात्रपाळीत सपोर्टचं काम करते, घर चालवते, कोणाला दोष देत नाही. मागच्या ईदला भेटली. मी या प्रयोगाबद्दल तिला उत्साहाने सांगत होतो. ती हसून म्हणाली, "भाईजान, हे मला तेव्हा सांगायचं होतंत."

माझी अडचण पैशाची होती, तिची तेवढी नव्हती. तिला केंद्रीय संस्थेत विद्यावेतनावर शिकता आलं असतं. मी माझ्या परिस्थितीचं उत्तर तिच्यावर लादलं. आणि मामूंनी मला विचारलं, तेव्हा घरात एका मुलीच्या सहा-सात वर्षांच्या शिक्षणाला होकार मिळणार होता की नाही, ते माझ्या वीस मिनिटांवर अवलंबून होतं. आपल्या घरांत जो एक जण शिकून पुढे जातो, त्याच्या हातात नकळत अशी चावी येते. इथे बसलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात ती आहे किंवा लवकरच येईल. घाईने फिरवू नका. मुलगी म्हणून तर मुळीच नाही. लग्नाचं वय आणि पीएच.डी.चं वय एकच पडतं, हे खरं आहे. पण मुलाच्या बाबतीत ही अडचण आपण कधी मोजत नाही.

तीन कामं

भाषण संपवण्याआधी तीन कामं सुचवतो.

पहिलं. आपल्या वस्तीत मशीद, शादीखाना, शाळा, दवाखाना, काहीही बांधायचं असेल, तर चंदा गोळा करण्याआधी खड्डा खणून माती बघा. फ्री स्वेलची चाचणी इतकी साधी आहे, की दोन विद्यार्थी ती करू शकतात. अर्थात यावरून पायाचं डिझाइन होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल आणि इंजिनिअर लागतोच. पण धोक्याची घंटा वाजवायला या दोन नळ्या पुरतात. मिनारावर जेवढा खर्च करतो त्याचा छोटा हिस्सा मातीच्या तपासणीला गेला तर पुढच्या पिढीला भेगा भरत बसावं लागणार नाही.

दुसरं. सिव्हिलला असलेल्या मुलामुलींनी आपल्या मोहल्ल्यातल्या मिस्त्रींशी बोलायला सुरुवात करा. कुठल्या लेआउटमध्ये किती फुटांवर मुरूम लागतो, कुठली घरं भेगाळली, कुठली नाही आणि का, हे लिहून काढा. नकाशावर मांडा. हे काम बी.ई.च्या प्रोजेक्टला चालतं, आणि आजपर्यंत विकत आणलेले प्रोजेक्ट छापून देण्यापेक्षा फार बरं आहे.

तिसरं. पदवी आणि एम.टेक.च्या मधलं एक वर्ष, गेटच्या तयारीचं, हे सगळ्यात जास्त मुलं गिळतं. त्या वर्षी घरात पगार येत नाही आणि विद्यावेतनही नसतं. आमच्यासारख्या नोकरदारांनी चार-चार जणांनी मिळून एका विद्यार्थ्याचं ते एक वर्ष उचलायचं. जकातीतून द्यायचं की वेगळं, ते ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे ठरवावं. विद्यार्थी कुठल्या धर्माचा हे मी विचारणार नाही, त्यामुळे माझे पैसे मी वेगळेच ठेवले आहेत. माझं नाव पहिलं लिहा. अजून तिघं हवेत. कागद बाहेर चहाच्या टेबलावर आहे.

माझी भाची आज इथे बसली आहे. तिसऱ्या वर्षाला आहे, सिव्हिलला. काल संध्याकाळी नळीत माती टाकताना तिनेच ती हलवली, हवेचे बुडबुडे काढले, आणि रात्री दोनदा उठून खूण किती वर आली ते वहीत लिहिलं. सकाळी तिने मला विचारलं, "मामू, हीच माती पुन्हा सुकवून पुन्हा टाकली तर एवढीच फुगेल का?" मी तिला उत्तर दिलं नाही. करून बघ म्हटलं. वाडीची अर्धी पिशवी माती अजून शिल्लक आहे.